पाळण्यातला वरवंटा

आमच्या बिबवेवाडीच्या इमारतीतली निम्मी पोरं आईच्या पायांवर न्हायलेली आहेत. मोरीत पाटावर बसून ती पाय लांब करायची, आणि पोर पोटऱ्यांवर पालथं घातलं की आधी कितीही आकांत करत असो, गप्प व्हायचं. नव्या बाळंतिणी तोंडात बोट घालून बघत राहायच्या. "हात असावा लागतो," आई म्हणायची, आणि तो दुसऱ्या कुणाकडे नाही हेही त्यातच सांगून टाकायची. मला तिचा हा तोरा पटायचा नाही. घरात माझं लग्न सोडून बोलायला दुसरा विषय असला की मला बरं वाटे, म्हणून मी ऐकून घ्यायचे.

दादाला मूल होणार हे कळलं तेव्हा दादा अमेरिकेत होता. दोन हजार साल उजाडलं की जुने संगणक कोलमडणार, या भीतीवर तेव्हा आमच्या पिढीची पोटं भरत होती. दादा तिकडे बसून भरत होता, मी पुण्यात एका लहानशा कंपनीत. वहिनी वऱ्हाडातली. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडेच झालं. पोर पायाळू निघालं. पाय आधी आले आणि बाकीचं ओढून काढावं लागलं, पण दोघं सुखरूप घरी आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पायाळू आहे हो, विजा चमकल्या की सांभाळा." आई हसली आणि तेल कोमट करायला गेली.

त्या पहिल्या अंघोळीला मी स्वयंपाकघरात होते. पोराचा आवाज आला तो नेहमीच्या रडण्यातला नव्हता. एक श्वास, मग काहीच नाही, आणि मग असा टाहो की हातातलं पातेलं मी तसंच ओट्यावर टाकलं. आई मोरीत पाय लांब करून बसली होती. तिचे दोन्ही हात हवेत होते, तेलानं चकाकणारे, आणि पोर पोटऱ्यांवर थरथरत होतं. वहिनीनं धावत येऊन त्याला उचललं. संध्याकाळपर्यंत डावी मांडी सुजून दुप्पट झाली. एक्स-रेमध्ये मांडीचं हाड मधोमध मोडलेलं दिसलं.

डॉक्टर तरुण होते आणि जपून बोलत होते. पायाळू बाळाला ओढताना असं होऊ शकतं, म्हणाले. मालिश करतानाही होऊ शकतं. "नक्की कधी झालं हे आता कुणालाच सांगता येणार नाही." त्यांना वाटलं ते आम्हाला दिलासा देतायत. रिक्षात आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याच हाताखाली झालं. आत काहीतरी सुटलेलं मला कळलं." मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?" ती म्हणाली, "डॉक्टर मोरीत नव्हते."

त्या दिवसापासून आईनं पोराला हात लावला नाही.

पोराला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. लोखंडी दांडीला त्याचे दोन्ही पाय पट्ट्यांनी वर टांगले होते, ढुंगण गादीपासून जेमतेम सुटलेलं. हाड सरळ जुळावं म्हणून असंच टांगतात, हे मला समजलं होतं. तरी जाळीच्या दारातून आत शिरले की दर वेळी मी आधी त्या पट्ट्या नीट आहेत ना ते बघायचे. ते रडत नसे. उलटं लोंबकळल्यासारखं पडून छताकडे बघत राही, आणि शेजारी स्टुलावर वहिनी त्याच छताकडे बघत बसलेली असे. आई डबा घेऊन यायची ती वॉर्डच्या दारापर्यंत. तिथून डबा माझ्या हातात द्यायची आणि परत फिरायची. वहिनी विचारायची, "आई आत का नाही येत?" मी काहीतरी थातुरमातुर सांगायचे.

बारावा दिवस आला तशी आई म्हणाली, बारसं चुकवायचं नाही. मी म्हटलं, "कुणाचं? ज्याचं आहे ते टांगलंय तिकडे." तिनं ऐकलं नाही. आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालतात, त्याला बायका पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात, आणि मग बाळाला. पीडा असेल ती दगडावर जावी म्हणून. मिक्सर आल्यापासून आमचा वरवंटा बाल्कनीत पडलेला होता. आईनं तो घासूनपुसून आणला. या खेपेला पहिला वरवंटा आणि दुसरं कुणीच नाही, एवढाच काय तो फरक.

बायका आल्या. एरवी या वेळी हसूनखिदळून घर डोक्यावर घेतात. वरवंटा हातातून हातात फिरला तो मुकाट्यानं, आणि ज्या हाताला लागला तो पटकन पुढे देत होता. मग मला पुढे केलं, कारण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी पाळण्यावर वाकले. कुंचीच्या आत काळा गुळगुळीत दगड, आणि त्याला आईनं काजळाची तीट लावलेली. "कान कुठला गं?" मागून कुणीतरी विचारलं. बोलणाऱ्या बाईलाही ते बोलल्याचा पश्चात्ताप झाला असावा, कारण कुणीच हसलं नाही. मी नाव सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला. घुगऱ्यांचे द्रोण तसेच टाकून बायका लवकर घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर वरवंटा पाळण्यातच. "रिकामा पाळणा बरा दिसत नाही," आई म्हणाली. तिच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी घरात ओव्याच्या, वेखंडाच्या धुरीचा वास होता. मोरी ओली होती. त्यानंतर एकदा जिन्यात शेजारच्या काकूंनी अडवलं. "आणलं वाटतं बाळ घरी? दुपारी अंगाई ऐकू येते." मी म्हटलं, "नाही, अजून तिकडेच आहे." काकू पिशवी सावरून खाली उतरल्या. भाजी आणायला निघालेली बाई इतकी भराभर उतरत नाही.

एका संध्याकाळी आई देवापाशी बसलेली बघून मी पाळण्यापाशी गेले. ठरवलं होतं, उचलायचा आणि बाल्कनीत नेऊन टाकायचा. कुंचीत हात घातला आणि झटकन मागे घेतला. दगड गरम होता. तापलेल्या पोराचं अंग असतं तेवढा गरम. कढत पाण्यानं न्हाऊ घातलेला दगड बराच वेळ ऊब धरतो, यात नवल काही नाही. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. तरी त्याला उचलायचं धैर्य मला झालं नाही. मी कुंचीची नाडी नीट बांधून ठेवली.

दादाचे फोन सकाळी यायचे. पायाचं त्याला सांगितलं होतं. आई फोनवर म्हणायची, "छान आहे. अजिबात रडत नाही. अंग कसं घट्ट आहे." ती कुणाबद्दल बोलतेय हे मला कळायचं आणि मान वर करवायची नाही. त्यानं फोटो मागितला तेव्हा आईनं पाळण्याचाच काढायला लावला. हॉस्पिटलमधला त्याला बघवणार नाही, म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. सायबर कॅफेत जाऊन मी तो स्कॅन करून पाठवला. दादाचं उत्तर आलं, 'कुंची जरा मागे करून काढा ना, तोंडच दिसत नाहीये.' मी ते उत्तर आईला वाचून दाखवलं नाही.

पायांच्या पट्ट्या सोडून प्लास्टर घातलं आणि पोर घरी आलं. कमरेपासून दोन्ही पायांत, मांड्या फाकवलेल्या, बेडकासारखं. वहिनी त्याला हातांवर घेऊन खोलीत आली आणि पाळण्यापाशी थांबली. तिनं आत पाहिलं. आई दाराशी, मी भिंतीशी. वाटलं, आता ही किंचाळणार. वहिनी चिडली की तिची पुणेरी गळून पडायची आणि वऱ्हाडी वर यायची, तसं काही झालं नाही. अगदी सावकाश म्हणाली, "राहू द्या त्याला. ह्याला तसाही पाळणा पुरणार नाही."

मग आम्ही तसेच राहू लागलो. पलंगावर उशांच्या मधे पोर आणि वहिनी, पाळण्यात वरवंटा आणि पाळण्याशी आई. वहिनी दिवसरात्र एकटी त्याचं सगळं करायची. मी ऑफिसातून आल्यावर जमेल तेवढं. आई दुपटी धुवायची, घड्या घालायची, पण द्यायची ती दाराच्या आत हात लांब करून. पोराचा आवाज चढला की इकडे पाळण्याच्या कड्या कुरकुरायला लागायच्या. मला आईची भीती वाटू लागली होती. ज्या बाईनं मला जन्म दिला तिच्यासोबत एका खोलीत झोपायची मला भीती वाटायची, हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

वरवंटा पाळण्यातून गेला तो प्लास्टर काढायच्या दिवसामुळे. त्या दिवशी मी आईला जवळजवळ ओढत हॉस्पिटलमध्ये नेलं. "पिशवी धरायला तरी चल," म्हटलं. ती तपासणीच्या खोलीत आली पण दाराला टेकून उभी राहिली, हात पदरात.

डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. डावी मांडी जुळली होती, मधे सुपारीएवढी गाठ, पण सरळ. ते खूश होते. "उत्तम," म्हणाले. मग खुबा बघायला त्यांनी उजवा पाय, जो कधी मोडलाच नव्हता, गुडघ्याखाली दोन बोटं घालून अलगद बाहेर वळवला. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. वाळकी शेंग फुटावी एवढाच आवाज. डॉक्टरांचा हात होता तिथेच राहिला. पोरानं श्वास घेतला, तो घेतच राहिलं, आणि मग टाहो फोडला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. पाय एका जागी धरून त्यांनी दुसऱ्या हातानं पोराची पापणी खाली ओढली आणि बराच वेळ बघितलं. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग निळसर होता, पांढऱ्या धोतराला नीळ जास्त झाली की दिसतं तसा. आम्ही तर त्या डोळ्यांचं कौतुक करायचो. डॉक्टर म्हणाले, "हे आईच्या पोटातूनच घेऊन आलंय. हाडंच ठिसूळ आहेत. कुणीही धरलं असतं तरी मोडलं असतं. पुढेही मोडतील." पुढेही, हा एकच शब्द मला ऐकू आला. वहिनीनं टेबलाची कड धरली.

तेवढ्यात मी आईकडे पाहिलं. आई हसत होती.

ओठ मिटून, कुणी बघू नये म्हणून केलेलं हसू नव्हे. सगळा चेहरा उजळला होता. पोर टाहो फोडतंय, त्याच्या सबंध आयुष्याचं काय होणार ते आत्ता कळलंय, आणि ही बाई भिंत सोडून सरळ उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "म्हणजे मी नव्हे." माझ्या मनात आलं, हिच्या थोबाडीत द्यावी. आजही ते आठवलं की हात शिवशिवतो.

वहिनीनंही ऐकलं. तिनं वळून आईकडे पाहिलं. डॉक्टर पायाला फळी लावून पट्टी गुंडाळत होते तेवढा सगळा वेळ ती पाहत होती. मी वाट बघत होते की ही आता बोलेल, आणि जे बोलेल त्यानंतर आमचं घर घर राहणार नाही. वहिनी म्हणाली, "आता घ्याल नं आई, याले?"

त्यात टोमणा नव्हता. ती फार दमली होती.

आईनं बेसिनवर हात धुतले, पदराला पुसले. डॉक्टरांना म्हणाली, "कसं धरायचं दाखवा." त्यांनी दाखवलं: एक पंजा पाठीखाली, एक ढुंगणाखाली, काखेत धरायचं नाही, पाय धरून उचलायचं नाही. आईनं एकदाच बघितलं आणि पोराला घेतलं. ते गप्प झालं नाही. तिच्या हातात कळवळून रडत राहिलं आणि ती त्याला नावानं हाका मारत राहिली, गालावरून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. वहिनी स्टुलावर बसली आणि मोकळे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

पोराची दुसरी मांडी मोडली त्या दिवशी आई जितकी सुखी होती, तितकी सुखी मी तिला पुढे कधी पाहिली नाही.