माघचं वाच, पुढचं वाच

बायबलातली एक ओळ मी अर्धवट वाचली आणि आमच्या सानगडी गावात रक्त सांडलं.

रविवारी आम्ही सात-आठ जण दानिएल मास्तरांकडे वचन वाचायला बसत असू. मास्तरांच्या एका मांडीवर बायबल, दुसरीवर तुतारी, बैल हाकायची काठी. कोणी मधलीच ओळ उचलून अर्थ सांगू लागला, की तुतारी नडगीवर बसलीच. "एक लोंबी पाहून पीक सांगतं का बे? माघचं वाच, पुढचं वाच!" मी मराठीचा बी.ए., त्यामुळे सर्वांत जास्त वळ माझ्याच नडगीवर.

त्या रविवारी मास्तर तापाने आतल्या खोलीत पडले होते आणि अर्थ सांगायची गादी माझ्याकडे आली होती. प्रभाकरने विचारलं, "भाऊ, झगा इकून तलवार घ्यावी म्हणते प्रभू, थे खरंच का?" त्याच्या थोरल्या भावाने, योहानने, तलावाचं पाणी वरच अडवलं होतं. खाली प्रभाकरचे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, वाळत होते. हे मला ठाऊक होतं, पण व्याकरण म्हटलं की माझी जीभ सुटते. "'घ्यावी' म्हणजे विध्यर्थ. सरळ आज्ञा!"

"पुढचं वाच रे, गधड्या!" आतून मास्तर खोकत ओरडले.

"मास्तर, क्रियापद स्पष्ट आहे."

प्रभाकर उठला, घरी जाऊन कुऱ्हाड घेतली आणि थेट योहान राबत होता त्या बांधीवर, धानाच्या शेतात, गेला. आम्ही मागे धावलो. मी सर्वांत मागे, जिवाची काळजी म्हणून. पहिला घाव योहानच्या खांद्यात बसला. योहानचं फावडं प्रभाकरच्या जबड्यावर आलं. चिखल लाल झाला. दुसरा घाव उतरत असताना चादर पांघरलेले मास्तर मधे घुसले आणि त्यांनी हात वर धरला. दोन बोटं चिखलात पडली.

मास्तरांनी हात चादरीत गुंडाळला आणि माझ्याकडे वळले. "आता वाच पुढचं!"

बायबल माझ्या काखेतच होतं. मी वाचलं. शिष्य दोन तलवारी दाखवतात, प्रभू म्हणतो, पुरे. मग एक शिष्य चाकराचा कान छाटतो, तेव्हा प्रभू त्यांना थांबवतो आणि तो कान बरा करतो.

प्रभाकरच्या हातून कुऱ्हाड गळली.

"माहे बोटं काही जुळत नाई," मास्तर म्हणाले. "पाणी तरी सोडा."

योहानने एका हाताने बांध फोडला.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर वारले. मातीच्या वेळी वचन वाचायला मी पुढे झालो, तशी त्यांच्या बायकोने, काकूंनी, माझ्या हातातलं बायबल ओढून घेतलं.

"दे इकडे. तुह्या व्याकरणापायी माह्या माणसाले दोन बोटं कमी घेऊन मातीत जा लागून राहिलं."