लाँड्री रूमचं दार मी उघडलं

त्या शनिवारी लाँड्री रूमचं दार माझ्या सुनेनं नीट लावलेलं होतं. आत कुत्र्याच्या क्रेटची, म्हणजे त्याच्या लोखंडी पिंजऱ्याची, कडीही घातलेली होती. ती दोन्ही मी उघडली. हे साधं वाक्य तोंडातून काढायला मला तीन वर्षं लागली आणि ते सांगून झाल्यावरही ते कुणी धड ऐकलं नाही. म्हणून आता लिहून ठेवतो.

पत्नी गेली २००४ साली. त्यानंतर मुलानं मला ओहायोत, डब्लिनला आपल्या घरी नेलं. तो आणि सून दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी आठला बाहेर पडायची ती संध्याकाळी सहाला परतायची. मधल्या वेळात घरात मी आणि कुत्रा. रॉटवायलर, नर, दोन वर्षांचा, वजन पन्नास किलोच्या पुढे. जिन्यावरून खाली उतरला की पायऱ्यांचा आवाज माणूस उतरल्यासारखा यायचा.

मुलानं तो हौसेनं आणला होता, पण नुसता हौसेवर सोडलेला नव्हता. दर रविवारी ट्रेनरकडे घेऊन जायचा. मी आलो त्या पहिल्याच सकाळी त्यानं मला समोर बसवून सांगितलं, "बाबा, हा चावला तर तो ओरखडा नसेल, एवढं लक्षात ठेवा. म्हणून चार गोष्टी. खाणं त्याच्याच भांड्यात आणि लाँड्री रूममध्येच. हातानं काही भरवायचं नाही, टेबलावरचं तर अजिबात नाही. पाहुणे आले की तो क्रेटमध्ये आणि दार बंद. आणि तो कुणावर गुरगुरला तर त्याला ओरडायचं नाही, मला सांगायचं. त्याच दिवशी."

"ओरडायचं का नाही?"

"गुरगुरणं म्हणजे तो आधी कल्पना देतोय. ते बंद केलं तर पुढच्या वेळी कल्पना न देता चावेल."

मी हसलो. म्हटलं, "मला नको शिकवूस. माझा जन्म नियमांत गेला."

ते खोटं नव्हतं. मी वीज मंडळात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ अपघातांच्या चौकशीत. लाइन बंद असल्याचं लेखी परमिट हातात पडल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही, हे मी शेकडो वायरमनना बजावलं असेल. आणि चौकशीत दर वेळी एकच दिसायचं. गेलेला माणूस नवखा नसायचा. वीस वर्षं काम केलेला, "ही लाइन माझ्या ओळखीची आहे" म्हणणारा असायचा.

आमच्या घरी जेवायला बसताना पोळीचा पहिला तुकडा बाजूला काढायची पद्धत. पत्नी तो गल्लीतल्या कुत्र्याला घालायची. मुलाच्या घरी दुपारी एक वाजता मी ताट वाढून बसलो की हा रॉटवायलर समोर येऊन बसे. मागत नसे. नुसता बघे. आठवडाभर मी खाली मान घालून जेवलो. दुसऱ्या आठवड्यात पोळीचा तुकडा तूप लावून टेबलाखाली धरला. त्यानं तो इतक्या हलक्या ओठांनी उचलला की माझ्या बोटांना नुसती वाफ लागली. मला भरून आलं. त्या घरात दिवसभरात माझ्या हातचं काही घेणारं तेवढं एकच होतं.

पुढे ते रोजचं झालं. तो टेबलाखाली माझ्या पायांवर हनुवटी टेकून पडायचा आणि मी भरवायचो. संध्याकाळी मुलगा यायच्या आत टेबलाखालचे कण मी ओल्या कापडानं पुसून घ्यायचो. म्हणजे आपण काय करतोय हे मला पक्कं माहीत होतं.

उन्हाळ्यात एका रविवारी मुलगा बाहेर गवत कापत होता. माझं जेवण संपत आलं होतं. सून माझं ताट उचलायला आली आणि टेबलाखालून आवाज आला. मिक्सरमध्ये दगड फिरल्यासारखा.

ती थबकली. "बाबा, हा गुरगुरला का?"

"छे गं. घोरतोय."

"घोरतोय? डोळे उघडे ठेवून?"

"सरकारी नोकरीत मी पण तसंच घोरायचो."

ती हसली, पण ताट न उचलताच गेली. ती आत गेल्याबरोबर मी त्याच्या नाकावर चापट मारली आणि दातओठ खाऊन दटावलं. मुलाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोळीचंही सांगावं लागलं असतं. पुढच्या पंधरा दिवसांत तो तिच्यावर आणखी दोनदा गुरगुरला, दोन्ही वेळा माझ्या ताटाशी. दोन्ही वेळा मी तिला तेच घोरण्याचं सांगितलं आणि ती गेल्यावर त्याला मारलं. त्यानंतर गुरगुरणं थांबलं. मला वाटलं, शहाणा झाला.

दसरा त्या वर्षी आठवड्याच्या मधेच होता, म्हणून तो शनिवारी करायचं ठरलं. मूळच्या नागपूरच्या एका कुटुंबाला जेवायला बोलावलं होतं. नवरा-बायको आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. आपट्याची पानं तिथे कुठून मिळणार? पण मागच्या अंगणात रेडबडचं झाड होतं. त्याची पानं आपट्याच्याच घराण्यातली वाटावीत अशी, बदामी आकाराची, ऑक्टोबरात पिवळी पडलेली. सोनं म्हणून तीच द्यायची पद्धत तिथल्या मराठी घरांनी पाडून घेतली होती. मुलगी आल्याआल्या पानं गोळा करायला पळाली.

कुत्र्याला सकाळीच क्रेटमध्ये घातलेलं होतं. पाहुणे येण्याआधी सून घडीच्या खुर्च्या आणायला लाँड्री रूममध्ये गेली होती. परत येताना तिनं दार ओढलं आणि मूठ फिरवून बघितली. मी समोरच उभा होतो. मी पाहिलं.

मी मधुमेहाची गोळी घेतो, त्यामुळे मला वेळेवर खावं लागतं. सुनेनं मला आधी वाढलं. बाकी सगळे बाहेर डेकवर, म्हणजे मागच्या लाकडी ओट्यावर, ती गॅसपाशी पुऱ्या तळत. मी एकटा टेबलापाशी. आतून कुत्रा कण्हत होता. मोठ्यानं नाही, दाराच्या फटीपाशी नाक आणून सोडावा तसा एकेक सुस्कारा. सणाचा दिवस, घरात गोडाधोडाचा वास, आणि रोज माझ्याबरोबर जेवणारा तो आत कोंडलेला. पहिली पुरी हातात होती. मी उठलो. सुनेची पाठ होती. दार उघडलं, कडी काढली. मनात होतं, तिथेच भरवावं आणि परत लावावं. पण तो माझ्या मागोमाग आला, नेहमीच्या जागी टेबलाखाली जाऊन पडला, आणि मला वाटलं, पडू दे. माझ्यापाशी तो शांत असतो. ही लाइन माझ्या ओळखीची आहे.

दुसरी पुरी मी खाली धरलेली होती तेव्हा डेकचं दार सरकलं. मुलीची आई बाहेरूनच म्हणाली, "आधी आजोबांना सोनं दे गं. आणि वाकून नमस्कार कर, नुसतं हाय नको!"

मुलगी ओंजळभर पानं घेऊन आली. पानं माझ्या ताटाशेजारी ठेवली. मग शिकवल्याप्रमाणे माझ्या पायांना हात लावायला वाकली. माझे पाय टेबलाखाली होते.

मला तिला थांबवायला वेळ होता. एक श्वास घेण्याइतका होता. मी तो श्वास कुत्र्याच्या आवाजाची वाट पाहण्यात घालवला. आवाज आलाच नाही. तो मीच मारून बंद केला होता.

पुढचं सगळं सांगत नाही. मुलगा धावत आला, एकच शब्द ओरडला आणि कुत्र्यानं सोडलं. त्याला सोडायला शिकवलेलं होतं म्हणून मुलगी वाचली. गाल, हनुवटी आणि खांदा. तिचा बाप तिला टॉवेलात धरून जमिनीवर बसला होता आणि अँब्युलन्स येईपर्यंत "इकडे बघ, माझ्याकडे बघ" एवढंच म्हणत होता. तेवढ्यात मी काय केलं? खाली पडलेला पुरीचा तुकडा उचलला आणि खिशात घातला.

संध्याकाळी काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, अधिकारी आला. सभ्य माणूस, वही घेऊन. त्यानं विचारलं, कुत्रा बाहेर कसा आला? मग सून म्हणाली, "मी खुर्च्या काढायला गेले होते. मी दार लावलं होतं. म्हणजे... लावलं होतं, असं वाटतंय." मुलानं तिच्याकडे पाहिलं. ती रडायला लागली. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. मग त्यानं विचारलं, याआधी कधी कुणावर गुरगुरला होता? मुलगा म्हणाला, नाही. तो खरंच तसं समजत होता. सुनेनं माझ्याकडे बघितलं. मुलानं प्रश्न मराठीत करून मला विचारला. वास्तविक मला तो इंग्रजीत कळला होता. आयुष्यभर मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलो होतो.

मी म्हणालो, "कधीच नाही."

दहा दिवस कुत्र्याला देखरेखीखाली ठेवलं. ट्रेनर म्हणाला, आधी कल्पना न देता, कारण नसताना चावणारं एवढं मोठं जनावर घरात ठेवता येणार नाही. कारण होतं, ते माझ्यापाशी होतं. ते सांगूनही कदाचित त्याला वाचवता आलं नसतं, मुलीची जखम तेवढी मोठी होती. पण मुलगा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला तो आपला कुत्रा आतून बिघडलेला होता असं समजून. परत आला तेव्हा हातात नुसता पट्टा होता. त्यानंतर त्यानं कधी त्याचं नाव घेतलं नाही.

सुनेचं मात्र संपलं नाही. नागपूरच्या त्या कुटुंबानं येणं बंद केलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका तिच्याशी बोलायच्या, पण मुलांना जवळ ओढून. ती घराबाहेर पडताना दार ओढायची, परत येऊन मूठ फिरवायची, गाडीत बसून पुन्हा उतरायची. २००८ मध्ये तिला बाळ झालं. तीन महिन्यांची रजा संपत आली, तेव्हा एका दुपारी मी तिला फोनवर मैत्रिणीशी बोलताना ऐकलं. "मी बाळाला एकटी नाही आंघोळ घालत. तो घरी आला की मगच. माझा भरवसा नाही यार, मला वाटतं मी केलं आणि मी केलेलंच नसतं."

मी तिचा फोन संपेपर्यंत उभा राहिलो. मग सांगितलं. सगळं, पहिल्या पोळीपासून खिशातल्या तुकड्यापर्यंत.

तिनं फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मूठ फिरवली होती मी?"

"हो. मी पाहिलं."

"तीन वर्षं, बाबा." तिनं बाळाला उचललं आणि वर गेली. संध्याकाळी मुलाला तिनंच सांगितलं. तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला. महिनाभर तो माझ्याबरोबर जेवायला बसला नाही.

त्या रविवारी सून मला गाडीत घालून नागपूरवाल्यांकडे घेऊन गेली. मुलगी दहा वर्षांची झाली होती. गालावरची रेघ, ती हसत नसली तरी, हसल्यासारखी वर गेलेली. मी तिच्या आईवडिलांसमोर बोललो. माझं संपल्यावर मुलगी आईकडे वळली.

"आय टोल्ड यू, मॉम. आजोबांच्या हातात पुरी होती."

आईचा चेहरा उतरला. मुलीनं हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं. आईनं तिला दटावलं होतं, मोठ्या माणसांबद्दल असं काहीबाही बोलायचं नाही म्हणून. म्हणजे त्या घरात खरं बोलणारी एक होती, आणि तिलाही माझ्या पांढऱ्या केसांनी गप्प केलं होतं. आई तिला जवळ घ्यायला गेली. मुलगी मागे सरकली आणि आपल्या खोलीत निघून गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. तिनं का बघावं?

परत येताना गाडीत सून म्हणाली, "बाकीच्यांना पण सांगा. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

त्या आठवड्यात मी ओळखीच्या अकरा घरी फोन केले. मला वाटलं होतं, लोक चिडतील. कुणी चिडलं नाही. "जाऊ द्या काका, आता काय त्याचं," असं चौघे म्हणाले. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी तर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या गहिवरून म्हणाल्या, "काका, सुनेसाठी स्वतःवर घेताय ना? किती मोठं मन तुमचं! असे सासरे मिळायला भाग्य लागतं हो."

मी म्हटलं, "अहो, नाही. दार खरंच मी उघडलं."

"कळतंय हो मला," त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवला. सून दारात उभी होती, बाळ खांद्यावर. तिनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मग परत लावा."