चाप अडकणाऱ्या बंदुका

आमच्या केंटकीच्या डोंगरात माणूस आतून खचला की डॉक्टरकडे जात नाही. ऑर्फामावशीच्या दुरुस्तीच्या दुकानात जातो, बंदूक टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "चाप अडकतोय." चाप लोण्यासारखा चालत असतो. मावशी गंभीर चेहऱ्याने नावाची चिठ्ठी बांधते, "सुटा भाग मागवावा लागेल," म्हणते आणि बंदूक मागच्या खोलीत टांगते. माणूस सावरेपर्यंत तो भाग येत नाही. बंदुकीच्या हक्कावरून चर्चच्या पायऱ्यांवर तासन्‌तास तावातावाने बोलणारे आम्ही, याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही.

एकदाच मावशीने बंदूक मुदतीआधी परत दिली. सख्ख्या भावाला. "माझी आहे, माझा हक्क आहे," म्हणाला होता. त्याच रविवारी त्याला पुरलं.

मंगळवारी दुपारी मी मावशीच्या दुकानात बंदुकीवर दुर्बीण बसवून घेत होतो, तेव्हा हर्शेल आला. खाण बंद पडल्यापासून जंगल झालेली त्याची दाढी आज गुळगुळीत. अंगात लग्नातला कोट. हातात मावशीने कालवण पाठवलेलं भांडं, लख्ख घासलेलं.

"हर्शेलदादा, नवरदेव कुणाचे?"

तो माझ्या मागे कुणाकडे तरी बघून हसला. मी वळलो. नुसती भिंत.

"कुत्रा कुठाय रे?" मावशीने विचारलं.

"देऊन टाकला. चांगलं घर आहे. बंदूक दे, मावशी."

"भाग नाही आला, मेल्या."

"तशीच दे. माझीच आहे ना?"

मागच्या खोलीतल्या चिठ्ठ्या सळसळल्या. वारा तर नव्हता.

मावशीने बंदूक आणून ठेवली. हर्शेलने उघडून पाहिली. आतला बोल्टच काढलेला; गोळी सुटणंच शक्य नव्हतं.

"असू दे," तो गोड आवाजात म्हणाला. "घरी अजून दोन आहेत."

मावशीने चष्मा काढला, बाहेर गेली आणि त्याच्या पिकअपमध्ये चढून बसली. "चल. त्याही बिघडल्या असणार."

"आणि माझी दुर्बीण?" मी ओरडलो.

"डोळे फाडून बघ तोवर!"

हर्शेल गाडीच्या दाराला हात लावून उभाच राहिला. किती वेळ, देव जाणे. शेवटी तो वळसा घालून आत बसला, किल्ली फिरवली आणि थांबला.

"मावशी," तो म्हणाला, "पट्टा लाव. घाटात वळणं वाईट आहेत."