पहिल्या पानाचं कुलूप

आमच्या सेलूच्या घरात संगणक आला तेव्हा त्याला हळद-कुंकू मी वाहिलं, हार जाऊबाईंनी घातला आणि कुलूप थोरल्या दिरांनी घातलं.

कुलूप म्हणजे पितळेचं नव्हे. संगणकाच्या आत जे कप्पे असतात, ज्यांना आता पोरंसोरं फोल्डर म्हणतात, त्यातल्या एका कप्प्याला ते होतं. तो उघडायला गेलं की पडद्यावर परवलीचा शब्द विचारला जाई. शब्द चुकला की यंत्र टुंग करी आणि उत्तर येई, ‘ॲक्सेस डिनाइड’. मी बी.ए. झालेली, इंग्रजी बऱ्यापैकी समजायचं. तरी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा सासरच्याच कुणीतरी ते आत लिहून ठेवलं असावं असं मला वाटलं.

दीर कॉलेजात शिकवायचे. औरंगाबादेतल्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी तो वापरलेला संगणक आणला होता, सोबत पिठाच्या गिरणीसारखा आवाज करणारा प्रिंटर. एम.फिल.च्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायचे, असा बेत. टाइप करणार मी, कारण लग्नाआधी परभणीत मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले होते. दीर तपासणार, आणि तपासून झालेलं काम त्या कुलपाच्या कप्प्यात जाणार. छपाईसुद्धा तिथूनच व्हायची. हे कुलूप पहिल्या दिवशी नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. नीटनेटकेपणाच्या नादात मी एका सरांची दोन अख्खी प्रकरणं पुसून टाकली, त्यानंतर ते आलं. चूक माझीच होती. पण एका चुकीला जन्मठेप?

आता अडचण अशी की थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर हवा आणि तोंडातून शब्द निघता कामा नये, ही आमच्याकडची रीत. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सात वर्षांत मी त्यांच्याशी सरळ एक अक्षर बोलले नव्हते. कप्पा उघडून हवा असला की मी माजघरातून सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना म्हणायची, “आत्याबाई, विचारा बरं, कप्पा उघडून देतेत का? तिसऱ्या प्रकरणात दुरुस्ती हाय.” दीर पाच पावलांवर बैठकीत बसलेले असायचे. माझा शब्द न् शब्द त्यांना ऐकू जायचा. पण आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठतील, दारापर्यंत जातील आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतील, तोवर ते वर्तमानपत्रातून मान काढायचे नाहीत. मग मी स्वयंपाकघरात जायची, ते माजघरात यायचे, पाठ आडवी धरून शब्द टाइप करायचे आणि बाहेर जाताना खोकायचे. खोकला ऐकू आला की कप्पा उघडला असं समजायचं.

त्या वर्षी देवगाव फाट्याच्या पुढच्या एका गावातली मुलगी तिचा प्रबंध घेऊन आमच्याकडे यायची. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवर तिनं लिहिलं होतं. तिची आईसुद्धा दरसाल कोयता घेऊन जायची, त्यामुळे काही पानं टाइप करताना माझी बोटं आपोआप हळू व्हायची. ती एस.टी.नं यायची आणि ओसरीवर बसायची. आत ये असं तिला कुणी म्हटलं नाही, येऊ नको असंही नाही. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी तिच्यासाठी ओसरीवर चटई टाकली, एवढंच. तिच्या चहाचा निळ्या काठाचा कप ओसरीच्या कोनाड्यात असायचा. चहा झाला की ती स्वतः तो विसळून पालथा घालायची. मी आणते म्हटलं तर म्हणायची, “ऱ्हाऊ द्या, वैनी.” चार महिने मी हे पाहिलं आणि एका शब्दानं काही बोलले नाही. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती याची जास्त वाटते.

प्रबंध डिसेंबरात तपासून झाला आणि कुलपात गेला. संक्रांतीला विद्यापीठाच्या नव्या नावाची घोषणा झाली. सोळा वर्षं ज्या नावासाठी माणसं मोर्चे काढत होती, तुरुंगात जात होती, ते नाव आलं. गावात एका बाजूला गुलाल उधळला गेला, दुसऱ्या बाजूला दारं लवकर लागली. आमच्या बैठकीत दीर रेडिओवरच्या बातम्या ऐकून उठले आणि अंघोळीला गेले.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी ती आली. आत्याबाई जाऊबाईंना आणि मुलांना घेऊन येलदरीकडे त्यांच्या भावाच्या गावी गेल्या होत्या. माझे यजमान जिनिंगवर, कापसाचा हंगाम असल्यानं रात्रीशिवाय घरी येणार नव्हते. दीर सकाळचं कॉलेज करून आले होते. मी मुकाट्यानं वाढलं, ते मुकाट्यानं जेवले आणि बैठकीत जाऊन बसले.

“वैनी,” ती ओसरीवरून म्हणाली, “उद्या शेवटची तारीख हाय. बाइंडिंगवाला म्हणला, आज संध्याकाळपर्यंत पानं द्या.”

“छापायचंच तर हाय. देते की.”

“तसं न्हाई. इद्यापीठाचं नाव बदलायचंय. पहिल्या पानावरचं.”

“जुनं चालत न्हाई का?”

“चालतंय. इचारून आले मी. दोनी चालतेत.” तिनं रस्त्याकडे पाहिलं. “पर आबा आलेत संगं.”

रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली एक म्हातारा, तिचा बाप, उकिडवा बसला होता. हातात कापडी पिशवी, नजर आमच्या दाराकडे. त्या नावासाठी तो तीनदा तुरुंगात जाऊन आला होता. पहिल्या वर्षी गावातल्या लोकांनी त्यांचं घर जाळलं, तेव्हा ही जेमतेम सात वर्षांची होती. तिच्या वह्या त्यात गेल्या. हे ती बाजारातलं काही सांगावं तितक्या सहज सांगत होती.

“आबाला वाचाय येत न्हाई,” ती म्हणाली. “पर म्हणले, छापलेलं एक पान मला दाव.”

नवं पान वेगळं टाइप करून वर लावता आलं असतं. पण दिरांना टापटिपीची हौस. त्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी विद्यापीठाचं नाव घालायला लावलं होतं, एकशे चाळीस पानांवर. ते सगळं कुलपात होतं. आणि चार वाजता वीज जाणार होती.

मी संगणकासमोर बसले. आधी गणपतीचं नाव घातलं. टुंग. दिरांच्या मुलाचं. टुंग. आमच्या गावाचं, कुलदैवताचं, त्यांच्या कॉलेजचं. टुंग, टुंग, टुंग. बैठकीतून खोकला आला, पण हा कप्पा उघडल्याचा नव्हता.

“कोणी हाय का घरात?” दीर भिंतीला म्हणाले. “कायतरी खटपट चाललीय वाटतं.”

आत्याबाई नव्हत्या. मीही भिंतीलाच म्हटलं, “काम अडलंय. विद्यापीठाचं नाव बदलून छापायचंय.”

वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. मग भिंत म्हणाली, “जे नाव घालून नोंदणी झाली तेच जाईल. नसती भानगड नको. गल्लीत राहायचंय आपल्याला.”

ओसरीवर तिनं ऐकलं. पिशवीचे बंद गोळा करत ती हलकेच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, वैनी. जुनंच छापा.”

हे ‘ऱ्हाऊ द्या’ माझ्या डोक्यात गेलं. कप विसळताना तेच, चटई ओढून घेताना तेच. तिच्यापेक्षा मला स्वतःचा जास्त राग आला. मी उठले ती थेट बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिले. पदर खांद्यावर घसरला होता, तो तसाच राहू दिला.

“दादा,” मी म्हटलं. “कुलूप काढा. एकशे चाळीस पानं मी टाइप केलीत. नाव बदलल्याशिवाय मी प्रिंटर चालू करणार न्हाई.”

दिरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही, छताच्या पंख्याकडे पाहिलं. एरवी मी स्वयंपाकघरात जायचं आणि त्यांनी माजघरात यायचं. पण मी दारातून हलले नाही, आणि मला ओलांडून येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आता हे उठून बाहेर निघून जातील, असं वाटलं.

“वाय,” ते म्हणाले.

मला कळेना.

“वाय,” वर्गातल्या शेवटच्या बाकाला सांगावं तसं ते मोठ्यानं म्हणाले. “ई. एल. डी. ए. आर. आय.”

येलदरी. माझ्या लग्नाच्या आधी, तिथल्या वीजघरात त्यांची पहिली नोकरी होती. सात वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले, आणि बोलले काय, तर इंग्रजी मुळाक्षरं. माजघराला ऐकू गेलं, ओसरीला ऐकू गेलं. मी वळले तेव्हा पाठीमागून आवाज आला, “पानांच्या तळाचं पण बदला. नाहीतर वर एक, खाली एक दिसंल.”

कप्पा उघडला. मी ओसरीकडे पाहून म्हटलं, “आत ये.”

“हितंच बरंय, वैनी.”

“आत ये म्हणते ना. नाव तू टाइप कर. माझ्या बोटांना जुन्याची सवय, चुकतील.” ही थाप होती, माझी बोटं कधी चुकत नसत.

तिनं चप्पल काढली, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली आणि आत आली. माझ्या खुर्चीवर अगदी कडेला बसली. मराठीच्या कळा तिला माहीत नव्हत्या. मी एकेक कळ दाखवायची, ती एकेक अक्षर दाबायची. ते लांबलचक नाव उमटायला दहा मिनिटं लागली. तळाच्या ओळीचं मी बघितलं. मग प्रिंटर सुरू केला आणि तिला स्वयंपाकघरातल्या कपात चहा दिला. बैठकीत दिरांना दिला तोही तसलाच कप होता.

पहिलं पान निघालं तसं आम्ही दोघी ते घेऊन रस्ता ओलांडून गेलो. म्हातारा उठून उभा राहिला. पिशवी खाली ठेवून त्यानं धोतराला हात पुसले आणि पान दोन्ही कडांनी धरलं.

“कुठं हाय त्ये सांगू नगा,” तो म्हणाला.

त्याचं बोट पानावरून सावकाश खाली उतरलं आणि बरोबर नावावर थांबलं. भिंतीवर, फलकांवर त्यानं ते इतकी वर्षं पाहिलं होतं. बोट तिथंच राहिलं. मला त्याच्याकडे बघवेना, मी लिंबाकडे बघत राहिले.

मग त्यानं विचारलं, “बाई, ह्ये पुन्यांदा कुनाला बदलता येतंय का?”

“न्हाई, बाबा. आत कुलूप असतंय त्याला.”

कुलूप म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. “किल्ली कुनाकडं ऱ्हाती?”

दादांकडं, असं माझ्या जिभेवर आलंच होतं, सवयीनं. पण तिनं सगळी अक्षरं ऐकली होती.

“वैनीकडं हाय,” ती म्हणाली. “आन् माझ्याकडं बी हाय, आबा.”

म्हाताऱ्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. पान तिच्या हातात दिलं.

“मंग लाव कुलूप,” तो म्हणाला.