जोडगाडी आणि आमचा दुसरा मजला

आमच्या चाळीत कुणी काही विकत घ्यायचं म्हटलं, की ती वस्तू घरात यायच्या आधी तिच्या गोष्टी येतात. शेजारच्या तावडे काकांचा फ्रिज जिन्यात अडकला होता, त्याला सहा वर्षं झाली. फ्रिज बिघडून भंगारात गेला, पण तो अडकल्याची गोष्ट अजून नवी आहे.

आणि मी तर घेतली दोन पोरांची बाबागाडी. एकाच वेळी दोघं बसतात ती. लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहून. मग किस्से साठणारच. मी काही लिहिणारी बाई नाही, सातवीनंतर शाळा सुटली. पण मजल्यावरचे सगळे म्हणतात, लिहून ठेव, पोरांना वाचायला होईल. हसू येईल तिथे हसा. मला त्या वेळी एकदाही आलं नव्हतं.

*

गाडी लागली कशाला, ते आधी सांगते.

स्वरा माझी मोठी, अडीच वर्षांची. आरव आठ महिन्यांचा. गणपती होऊन गेले होते. आरव कडेवर, स्वराचा हात हातात, अशी मी पुलाखालच्या सिग्नलला उभी होते. आरवने उलटी केली. पुसायला ओढणी धरली, तेवढ्यापुरता स्वराचा हात सोडला. पलीकडे फुगेवाला होता. ती गेली.

टॅक्सीने ब्रेक मारला. टॅक्सी तिच्यापासून किती लांब थांबली, ते मी अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही.

टॅक्सीवाला म्हातारा होता. खाली उतरला, स्वराला उचललं, माझ्याजवळ आणून दिलं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बहनजी, हाथ दो हैं, बच्चे भी दो हैं. तीसरा काम मत किया करो."

त्यानंतर दोघांना घेऊन मी एकटी रस्त्यावर गेले नाही. दूध असो, डॉक्टर असो, सासूबाई बरोबर पाहिजेतच. आणि दिवाळीनंतर सासूबाई तीन महिने मालवणला जाणार होत्या, नणंदेच्या बाळंतपणाला. त्याच वेळी स्वराची बालवाडी सुरू होणार होती. बालवाडी रस्त्याच्या पलीकडे. माझा नवरा नितीन सकाळी सातलाच कामावर जातो. म्हणजे राहिलं कोण? मी, दोन पोरं आणि तो सिग्नल.

नितीन म्हणाला, "दोघांना पट्ट्याने बांधता येईल अशी गाडी घेऊ. मग हात सुटायचा प्रश्नच नाही."

मी लगेच हो म्हटलं. मग कळलं की त्यातही प्रकार असतात.

*

एक प्रकार शेजारी-शेजारी बसायचा, दुसरा पुढे-मागे. मला शेजारी-शेजारीच हवी होती. दोघांची डोकी समोर दिसली पाहिजेत. पुढे-मागेवाल्यात एक पोर कायम आडोशाला. नितीन म्हणे, रुंद गाडी आपल्या गॅलरीत मावणार नाही.

तावडे काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, मोजमापाची भारी हौस. मोबाईलवर मापं बघून त्यांनी गॅलरीत खडूने दोन्ही गाड्या आखल्या. चाकांसकट.

दोन दिवस बायका बादल्या घेऊन त्या खडूच्या गाड्यांना वळसा घालून जात होत्या. सासूबाईंनी केर काढताना तेवढी जागा सोडली. तिसऱ्या दिवशी शेवंता मावशी, आमची कोळीण शेजारीण, भायखळ्याहून मासे विकून आली आणि तिने टोपली बरोबर आखणीच्या मधोमध ठेवली.

काका बाहेर आले. "अहो मावशी, तिथे पार्किंग आहे."

"गारी आली की उचलते," मावशी म्हणाली. "तवर माझा उरलेला बांगडा बसूं दे."

*

नितीनने एक व्हिडिओ आणला. कुठल्या तरी बाहेरच्या देशातली बाई, मोठा रुंद फुटपाथ, एका हाताने गाडी उघडते, दोन पोरं बसवते, निघते. मी तो किती वेळा बघितला असेल. तिचा हात कुठे असतो, गाडी सुटते का, पोर उठून उभं राहतं का, सगळं थांबवून थांबवून.

शेवंता मावशी मागून बघत होती. शेवटी म्हणाली, "बाय बरी हाय गो. पन तिकडं मानसं नाय का? कुनीच आडवा येत नाय, ती गारी चालवायला काय अक्कल लागते?"

मी व्हिडिओ बंद केला. परत बघितला नाही.

*

दादरला एका दुकानात गेलो. सासूबाई बरोबर होत्या, वाटेत मंडईतून भाजी घेतलेली. दुकानातला माणूस रुंद गाडी काढून पुढे-मागे ढकलून दाखवायला लागला.

सासूबाईंनी त्याचा हात धरला. "थांब रे. रिकामी हलवू नको."

आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत. पोराला बाधतं म्हणतात. पाळण्याचं ठीक आहे, पण गाडीचं काय? सासूबाईंचं म्हणणं, पोर निजतं तो पाळणा, मग त्याला चाकं असोत नाहीतर दोऱ्या. पोरं घरी तावडे काकूंजवळ. मग सासूबाईंनी पिशवीतून कोबी काढून एका सीटवर ठेवला आणि दुसऱ्यावर लाल भोपळ्याची फोड.

तो माणूसही दादरचाच, कशाने हलणारा नव्हता. "आजी, कोबीला बेल्ट लावू?"

"लाव. तोच तर बघूक इलंय."

त्याने पट्टा आवळला आणि दुकानाची पायरी उतरल्यासारखी गाडी पुढे झुकवली. कोबी पट्ट्याखालून सुळकन निसटला, लादीवर आपटला आणि गडगडत काउंटरखाली गेला.

सगळे हसले. तो माणूस वाकून कोबी काढताना म्हणाला, "ताई, कोबीला पाय नसतात. मधला पट्टा पायांत अडकतो, तेव्हा धरतं."

बरोबर होतं त्याचं. पण मी ती गाडी घेतली नाही. नितीन दोन दिवस समजावत होता, की घसरला तो कोबी होता. ते मला कळत होतं. तरी तो कोबी माझ्याने चिरवेना. शेवटी शेवंता मावशीला देऊन टाकला.

*

मग शीवला एकांकडे वापरलेली गाडी आहे असं नितीनला कळलं. शेजारी-शेजारी बसायचीच. वापरलेल्याला सासूबाईंची ना नव्हती, उलट बाळाला पहिलं झबलंसुद्धा जुन्याचंच घालतात. फक्त ज्यांनी वापरलं ती पोरं धडधाकट पाहिजेत.

मोठी बिल्डिंग, लिफ्ट, थंडगार हॉल. त्या घरच्या बाईंनी गाडी पुसून मध्ये ठेवली होती. सासूबाई तिकडे बघेनात.

"गाडी मागसून बघतंव," त्या म्हणाल्या. "आधी पोरां दाखवा."

त्या बाई गोंधळल्या. मी जमिनीत गेले. "आईंना मुलांची आवड आहे," असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी आतून दोन मुलगे आणले, पाच-सहा वर्षांचे, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. प्रेमाने नव्हे, कुस्ती चालली होती. आमच्यासमोरच धाकट्याने थोरल्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. थोरला बोंबलला.

सासूबाईंनी जवळ जाऊन दोघांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि माझ्याकडे वळल्या.

"दात बरे आसत. घे गाडी."

घ्यायच्या आधी मी खाली बसून पट्टे लावून-काढून बघितले. मधला पट्टा, खांद्याचे पट्टे, ब्रेक. परत पट्टे. त्या बाईंनी दोनदा चहा विचारला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी होती. गाडीची नव्हे, माझी.

*

गाडीच्या दांड्यावर चित्रांचा एक कागद चिकटवलेला होता. खाली इंग्रजी. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्रं कुणालाही कळतात. पोराला एकटं सोडलंय, त्यावर फुली. दांड्याला पिशवी लावलीय, फुली. जिन्यावरून नेतायत, फुली. पोर उभं आहे, फुली. अशी सात चित्रं, साती फुल्या.

करायचं काय, ते एकाही चित्रात नव्हतं.

*

गाडी वर न्यायचा प्रश्नच नव्हता, फुलीच होती. ती जिन्याखाली राहणार असं ठरलं. चाळीच्या दारातून जाताना दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा उरते. तावडे काकांनी मोजली.

सासूबाई जायच्या आदल्या दिवशी गाडीची पूजा झाली. नवीन स्कूटर घेतली की करतात तशीच. हार, हळदकुंकू, नारळ. मग काकांनी पुढच्या चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. गाडी लिंबांवरून जाते, लिंबं फुटतात, इडापिडा टळते.

पण ती स्कूटरची रीत. आमच्या गाडीची चाकं लिंबाएवढीच. मी ढकललं, गाडी हलेना.

सगळा मजला जमला होता. सासूबाईंचं तोंड उतरलं. पहिल्याच पावलाला गाडी अडली, म्हणजे काय समजायचं? 

"वजन नाही," काका म्हणाले. "पोरं बसवा."

पोरं बसवली. गाडी हलली नाही, उलट मागे आली. नितीनने जोर लावला तर स्वराच पुढे झुकली. मी ओरडले, "राहू दे, राहू दे."

तेव्हा शेवंता मावशी गर्दीतून पुढे आली. साडी जराशी वर खोचली, लिंबं चाकाखालून काढली आणि आपल्याच टाचेने दोन्ही चिरडली. एक, दोन.

"फुटली ना? आता जा."

 सासूबाई फुटलेल्या लिंबांकडे वाकून बघत म्हणाल्या, "फुटली खरी."

*

सासूबाई गेल्या. सोमवारी बालवाडीचा पहिला दिवस. आरवला तावडे काकूंनी जिन्यावरून उतरवलं, मी स्वराला. पट्टे लावले. काढून परत लावले. काकू म्हणाल्या, "मी येऊ का सिग्नलपर्यंत?" मी नको म्हणाले. आज त्या आल्या तर उद्याही यावं लागेल, हे मला कळत होतं. वर गॅलरीत सगळा मजला उभा. आमच्या चाळीत एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

सिग्नलपर्यंत नीट गेले. तिथे थांबले. फुटपाथच्या कडेपासून दोन हात मागे, ब्रेक लावून.

माणसाचा हिरवा दिवा लागला. सगळे गेले. माझे पाय उचलेनात. म्हटलं, पुढच्या वेळी. पुढचा लागला. बस वळत होती. तिसऱ्या वेळी ब्रेक काढला आणि परत लावला. चौथ्या वेळी काढलाच नाही. बालवाडीची वेळ होत आलेली. स्वरा मान वळवून माझ्याकडे बघत होती. आरव झोपून गेला. पाचवाही गेला. मी गाडी वळवायचं ठरवलं होतं. घरी जाऊन काय सांगायचं, तेही मनात जुळवत होते.

"ताई."

बाजूला एक आजोबा. काळा चष्मा, हातात काठी, स्वच्छ पांढरा शर्ट.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं," ते म्हणाले. "मला जरा पलीकडे न्याल का? तुमच्या गाडीचा दांडा धरून चालतो. मध्ये मध्ये करणार नाही."

नाही कसं म्हणणार? मी ब्रेक काढला. त्यांनी डाव्या बाजूने दांडा धरला. दिवा लागला. त्यांची चाल सावकाश, म्हणून मलाही सावकाशच जावं लागलं. वळणाऱ्या टॅक्सीला मी हात दाखवला. ती थांबली. मोटरसायकलवाला थांबत नव्हता, त्याच्यावर मी असं काही ओरडले की आजोबासुद्धा दचकले. पलीकडच्या फुटपाथची कड आली. दांडा खाली दाबून पुढची चाकं वर घेतली, आणि आम्ही चौघं वर.

 मी दांडा सोडला नाही. आजोबांनीही सोडला नव्हता.

"मी केव्हाचा तिथे उभा होतो," ते म्हणाले. "लोक दिवा लागला की पळत सुटतात. त्यांच्याबरोबर कसं जाणार? मग तुम्ही आलात. मी बघत होतो. एक सिग्नल सोडलात, दोन सोडलेत, पाच सोडलेत. घाई नाही, गडबड नाही, जागच्या हलला नाहीत. म्हटलं, ह्या बाईचं डोकं थंड आहे. जायचं तर हिच्याबरोबर."

 आजोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मी रोज इकडे येतो, मुलीकडे चहाला. उद्या तुम्ही किती वाजता असाल?"

"साडेनऊला," मी म्हणाले.