शेवटचा पत्रा

ट्रेलर नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या शेडबाहेर उभा होता आणि शेडचे मालक भास्करराव शटरसमोर खुर्ची टाकून बसले होते. भांडत नव्हते. नुसते बसले होते.

मी तेव्हा एका कार कंपनीत टूलिंग बघत होतो. मोटारीचा पत्रा ज्या लोखंडी साच्यात दाबतात, त्याला डाय म्हणतात. वरचा आणि खालचा असे दोन अवजड ठोकळे. मध्ये सपाट पत्रा ठेवायचा, प्रेस खाली आली की दार तयार. अशी डाय बनवायला वर्ष जातं. मालकी कंपनीची, पण ती राहते सप्लायरकडे. आमच्या गाडीच्या मागच्या दाराच्या डाय भास्कररावांकडे होत्या.

सीमेवर युद्ध पेटलं होतं. नाशकात भोंग्यांची तालीम झाली, दिवे बंद ठेवायच्या सूचना आल्या. एका बाजूला विमानांचा कारखाना, दुसरीकडे तोफखाना, त्यामुळे अफवांना तोटा नव्हता. पुण्याहून माझ्या बॉसचा फोन आला.

"विम्यात युद्धाचं नुकसान बसत नाही. डाय उचल आणि पुण्यात आण."

"सर, पुण्यावर बॉम्ब पडणार नाही असं काही ठरलंय का?"

"विनोद नको. मॅनेजमेंटचा निर्णय आहे."

भास्कररावांनी तोवर डायभोवती छातीइतक्या वाळूच्या गोण्या रचल्या होत्या. हरसूल-पेठकडच्या त्यांच्या कामगारांनी रविवारची सुट्टी सोडून त्या भरल्या. मी बॉसला फोटो पाठवला. उत्तर आलं, ट्रेलर निघालाय.

"साहेब, डाय तुमच्या हायेत, मी कुठं नाय म्हणतो?" भास्करराव खुर्चीतूनच म्हणाले. "पण एकदा गेल्या का परत येत नाय. माझी प्रेस तुमच्या दारावरच चालती. दुसरं काम नाय माझ्याकडं."

"लढाई थांबली की परत आणतो. माझा शब्द."

असा शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते उठले आणि खुर्ची बाजूला घेतली.

डायला गंज न चढणारं तेल लावलं, साखळ्या आवळल्या, ताडपत्री टाकली. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. प्रेसवरून डाय उतरवण्याआधी दाबलेला शेवटचा पत्रा जपून ठेवतात. पुढच्या वेळी पहिला पत्रा त्याच्याशी ताडून बघायचा आणि मगच काम सुरू करायचं. डाय दुसरीकडे गेली की तो पत्राही तिच्याबरोबर जातो. माझ्या चेकलिस्टमध्ये तो होता, ट्रेलरवर नव्हता.

"तो हितंच खुंटीला राहू द्या," भास्करराव म्हणाले. "डाय आली का लागंल."

मी चेकलिस्टवर टिक मारली आणि ट्रेलर सोडला.

लढाई लवकरच थांबली. नाशकात काहीच पडलं नाही. मी बॉसकडे परतीचा विषय काढला.

"इथल्या व्हेंडरकडे ट्रायल घेतली. पत्रा चांगला येतोय. चालती लाइन पुन्हा कशाला हलवायची?"

"सर, मी त्यांना शब्द दिलाय."

"कोणाला विचारून?"

फार वाईट वाटलं. बॉसपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.

दिवाळीनंतर अंबडला गेलो. प्रेस बंद होती. कामगार पांगले होते, काही गावी शेतीकडे परतले होते. वाळूच्या गोण्या तशाच रचलेल्या, मधली जागा मोकळी. भास्कररावांनी चहा मागवला. उठताना खुंटीवरच्या पत्र्यावरून सहज बोट फिरवलं. गंजाचा ठिपका नव्हता. बोटाला ताजं तेल लागलं.

माझा त्या कामाचा रिपोर्ट कंपनीत अजून नमुना म्हणून दाखवतात. डायला ओरखडाही गेला नाही, हे खरंच आहे. नुकसानीच्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं होतं.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगतो. डाय हलवायचा हुकूम आला की परत कधी आणायची ते त्याच मेलमध्ये लिहून मागा. मिळालं नाही, तर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला शब्द देऊ नका.