समुद्रातला किडा बघायला चाकणला

रत्नागिरीत आमच्या घरापासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. तरी एक समुद्री किडा बघायला मी एसटीत बसून चाकणला गेले. आई म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

होतं. मी चपट्या कृमींचा अभ्यास करते. दोन वर्षांपूर्वी ओहोटीच्या खडकाखाली मला एक मिळाला होता. पानासारखा पातळ, तपकिरी, कडेला नारिंगी रेघ, आणि डोळ्यांच्या ठिपक्यांची मांडणी अशी, की माझ्याकडच्या कुठल्याच वर्णनात बसेना. बाटलीत घेईपर्यंत त्याचा शेंबूड झाला. ही मंडळी तशीच, जरा धक्का लागला की विरघळतात. नुसत्या फोटोवर नवी प्रजाती कोणी मानत नाही. पूर्ण वाढलेला प्राणी हवा, त्याचे पातळ काप काढून आतली जननेंद्रियं दाखवायला हवीत. तेव्हापासून ओहोटी आली की मी दगड उलटत होते, आणि हाती काही लागत नव्हतं. मग घरगुती मत्स्यालयवाल्यांच्या एका ग्रुपवर चाकणच्या संतोषने व्हिडिओ टाकला. काचेवर सरपटणारा तोच, नारिंगी रेघेसकट. मी ताटावरून उठून त्याला फोन लावला.

पहिला दिवस एसटीतच गेला. आंबा घाट सुंदर आहे, पण कोल्हापूरनंतर रस्त्याची कामं इतकी, की पाठीचा पार भुगा झाला. संध्याकाळी स्वारगेटहून मेट्रो धरली आणि पिंपरीला मावसबहिणीकडे राहिले. मेट्रो स्वस्त आणि गार, सामान असेल तर रिक्षाच्या नादी लागूच नका. माझ्या सामानात नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनची घट्ट बंद बाटली होती. प्रवासभर मी ती मांडीवर घेऊन बसले होते.

चाकणला जायचं तर गुरुवारी जा. बऱ्याच कंपन्यांना सुट्टी असते, त्यामुळे मोशीच्या पुढे बस निदान हलते तरी. मी नाशिक फाट्याहून बस घेतली. शेजारच्या काकांनी विचारलं, "कुठल्या कंपनीत?"

"कंपनीत नाही. एक किडा बघायला चाललेय."

"पेस्ट कंट्रोल का? चांगला धंदा आहे, ताई."

मी हो म्हटलं. चाकणला उतरून मिसळ खाल्ली. तर्री जपून घ्या, मी जपून घेतली नाही आणि दुपारभर भोगलं.

संतोष मूळचा देवगडकडचा, इथे एका कंपनीत सीएनसी मशीन चालवतो. बायको रेश्मा लातूरची, त्याच कंपनीत पॅकिंगला होती. गोदामांच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत लोखंडी स्टँडवर टाकी, त्यात विकतचं मीठ कालवून केलेला समुद्र, आणि मधोमध कालवं चिकटलेला एक दगड. गुरुवार म्हणजे वीजवाल्यांचा दुरुस्तीचा दिवस, म्हणून लाईट नव्हती. पंप बॅटरीवर चालला होता.

"मोठा हा एकच आहे, मॅडम," संतोष म्हणाला. "बाकीची पोरं."

मी भिंग लावलं. डोळ्यांची मांडणी तीच होती.

किडा मारावा लागणार, हे त्याला फोनवरच सांगितलं होतं. तो सपाट राहावा म्हणून गोठलेल्या फॉर्मॅलिनवर ठेवावा लागतो. लाईट आल्यावर तरी गोठेल म्हणून मी फ्रीजकडे बघितलं.

"भिजवलेल्या कणकेशेजारी? अजिबात नाही," रेश्मा म्हणाली. तिचं बरोबरच होतं. संतोष बाजारातून बर्फ घेऊन आला, त्यात खडेमीठ घातलं, आणि फॉर्मॅलिनची ताटली त्यात रोवून मी वाट बघत बसले. तेवढ्यात नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी लिहायला घेतली. प्रजातीच्या वर्णनात पहिला नमुना कुठला, हे चुकून चालत नाही. पुढे कोणालाही ती शोधायची तर तिथेच जावं लागतं.

"दगड कुठला?"

"गावचा. देवगडला आमच्या खाडीतला," संतोष छाती काढून म्हणाला. मी लिहिलं.

आतून रेश्मा म्हणाली, "कशाला खोटं सांगायलाव? गावचा दगड पहिल्याच उन्हाळ्यात मेला की! लाईट गेली, पंप बंद पडला, घरभर घाण वास. हा तुमच्या शिफ्टमधल्या दोस्ताचा, श्रीवर्धनचा."

मला भयंकर संताप आला. एवढ्या एका शब्दावर माझं सगळं काम खोटं पडलं असतं. मी आवाज चढवून विचारलं, "हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," तो म्हणाला. "पण मॅडम, इथं कोणी कुठला विचारलं की तोंडातून गावच येतं. इतकी वर्षं राहतोय, चाकण कधी आलंच नाही." मग त्याने दोस्ताला फोन लावून माझ्या हातात दिला. दगड श्रीवर्धनच्या जेट्टीजवळचा होता. मी देवगड खोडलं.

ताटली गोठली. ब्रशवरून किडा तिच्यावर अलगद उतरवला. तो पसरला, आणि तसाच राहिला. निघताना संतोषने एवढंच विचारलं, "म्हणजे आमच्या गावाचं नाव कुठंच नाही?"

"नाही," मी म्हटलं.

परत आल्यावर कापांचं काम बरंच रेंगाळलं. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकाच अंगातले नर आणि मादी, दोन्ही अवयव पूर्ण वाढलेले दिसले, आणि ते ज्ञात असलेल्या एकाही प्रजातीशी जुळेनात. मी खुर्चीतच रडले, मग संतोषला फोन केला. चाकणच्या त्या दोन खोल्यांविषयी मला काय वाटतं ते मी तेव्हा पहिल्यांदा बोलले. म्हटलं, तुम्ही दोघांनी माझी दोन वर्षं वाचवलीत.

"श्रीवर्धन लिहिलंत?"

"लिहिलं."

"दगडाचं बरोबर आहे. पण मॅडम, हा दगडाबरोबर नव्हता आला. दिवाळीत काचेवर अंडी होती, त्यातनं निघाला. रेश्माने मोठा होताना बघितलाय. त्याने श्रीवर्धन बघितलंच नाही."

मी रेश्माला फोन द्यायला सांगितलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तिने अंडी कुठल्या काचेवर होती तेसुद्धा सांगितलं. मग चिठ्ठी नव्याने लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली: दगड श्रीवर्धनचा, नमुना चाकणच्या घरगुती टाकीत जन्मलेला.

संतोष म्हणाला, "आमच्या घरात पहिल्यांदाच कोणाचं तरी गाव चाकण लागलं."